मधलं कोरं पान

१

शिवा जांभारकर समुद्रात गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शेवटचा निरोपही गेला. पहिल्या गोष्टीने दाभोळ बंदर रडलं. दुसऱ्या गोष्टीवरून तिथे भांडण पेटलं.

'जलकन्या' ही भागोजी जांभारकर आणि त्याचा धाकटा भाऊ शिवा या दोघांची होडी. वेळणेश्वरच्या समोर, खोल पाण्यात तिच्या तळाची फळी सुटली. दाभोळच्या नौका संस्थेने सगळ्या होड्यांवर एकेक पेटी बसवली होती. ठरावीक वेळाने ती पेटी होडीचा ठावठिकाणा कळवायची, आणि तिच्यावरचं लाल बटण दाबलं की दर मिनिटाला संकटाचा निरोप सुटायचा. हे सारे निरोप जेट्टीजवळच्या बर्फ कारखान्याच्या माडीवर, संस्थेच्या खोलीतल्या संगणकात, एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिले जात. त्या संध्याकाळी संगणकासमोर दिशा असगोलकर बसली होती. तिने वायरलेसवरून जवळच्या होड्यांना हाक घातली, होड्या धावल्या. भागोजी एका रिकाम्या पिंपाला मिठी मारून तरंगताना सापडला. शिवा सापडला नाही.

इस्पितळातून घरी आल्यावर भागोजी म्हणाला, की बटण दाबलं तेव्हा सूर्य चांगला वर होता आणि होड्यांना हाक गेली ती दिवेलागणीला. मधल्या वेळात ही मुलगी कुठे होती? प्रश्न रास्त होता. उत्तर फाइलमध्ये मिळेल म्हणून संस्थेच्या लोकांनी फाइल उघडली. सकाळचे निरोप होते, दुपारचे होते, अंधार पडल्यानंतरचेही होते. ऊन कलल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा तुकडा मात्र कोरा होता.

मग काय विचारता. दिशाने आपली चूक झाकायला निरोप पुसले, असं बंदरावर ठरून गेलं. तिला कामावरून थांबवलं. खलाशी होड्यांवरच्या पेट्या उपटू लागले. निरोप पोचून जर कोणी पुसणारच असेल, तर ते ओझं वागवायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

संस्थेचे अध्यक्ष हरिश्चंद्र पावसकर यांनी तेव्हा रत्नागिरीला राजश्री नाटेकरला फोन केला. राजश्रीचे वडील आणि ते एकाच जहाजावर नोकरीला होते. राजश्री शहरालगतच्या नाचणे गावात घरी बसूनच एका परदेशी कंपनीचं काम करायची. काम संगणकाच्या अगदी पोटातलं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचं. लहानपणी गुंता झालेलं जाळं तिच्या हाती आलं की कात्री लपवून ठेवावी लागे, कारण दुसरा कोणी कापेल या भीतीने ती जेवायला उठत नसे. दोन फेरीबोटी बदलून ती दाभोळला आली, माडी चढली आणि फाइलसमोर बसली.

तो कोरा तुकडा तिने वरपासून खालपर्यंत पाहिला. मग हरिश्चंद्रांकडे वळली.

"काका, हे कोणी पुसलेलं नाही."

२

हरिश्चंद्रांना ते पटेना. राजश्रीने त्यांना पडद्याजवळ बोलावलं. माणूस ओळी पुसतो तेव्हा खालच्या ओळी वर सरकतात आणि फाइल आखूड होते. ही फाइल आखूड झाली नव्हती. जागा जशीच्या तशी होती, फक्त अक्षरांऐवजी तिथे शून्यं भरली होती. शिवाय ती पोकळी ओळीच्या सुरुवातीला सुरूच होत नव्हती. आधी निरोपाचा क्रमांक, मग वेळ, मग होडीचं नाव, आणि नावातली 'जलक' एवढीच अक्षरं. पुढचं 'न्या' गायब. पोकळी संपली तीही अशीच, दुसऱ्या एका निरोपाच्या आकड्याच्या मधोमध.

"चोरी करणारा माणूस अर्धा शब्द कशाला मागे ठेवील?" ती म्हणाली.

हरिश्चंद्रांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उजळला नाही. एवढ्याने भागोजीची समजूत पटणार नव्हती, आणि ते तिलाही कळत होतं.

ती दिशाच्या घरी गेली. दिशा ओटीवर सुकट निवडत होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून निवडत होती, हे तिच्या सुपाकडे पाहूनच समजत होतं. निवडलेली आणि न निवडलेली तिने एकातच घातली होती. बोलायला लागली तेव्हा मात्र तिचा आवाज स्थिर होता. लाल ओळ दिसली आणि त्याच क्षणी वायरलेस उचलला, असं तिने सांगितलं. हाक घालत असतानाही पडद्यावर जलकन्येच्या लाल ओळी एकामागून एक येत होत्या. मग त्या थांबल्या. थांबल्या म्हणजे काय झालं हे तिला समजलं होतं, तरी ती नाव घेऊन हाका मारतच राहिली होती.

"आणि फाइल? ती कधी पाहिलीस?"

"तेव्हाच उघडली, ताई. हरिश्चंद्रकाका धावत आले, त्यांना तीच दाखवली. त्यात सगळं होतं. 'सेव्ह' केलं, सेव्ह झालं असं आलं."

राजश्रीने तिथूनच हरिश्चंद्रांना फोन करून विचारलं. हो, ते म्हणाले, लाल ओळी होत्या. वेळ पाहिली नाही, जीव कुठे थाऱ्यावर होता. म्हणजे संध्याकाळी निरोप फाइलमध्ये होते, आणि दोघांनी डोळ्यांनी पाहिले होते.

निघताना दिशाने एक गोष्ट सांगितली. ती तिने आधी कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तरी आपण दुसऱ्यावर ढकलतो आहोत असंच लोक म्हणाले असते.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली तर संगणक चालू होता, पण मी उघड्या ठेवलेल्या खिडक्या सगळ्या बंद. मी जायच्या आधी कोणीतरी तो बंद करून परत सुरू केला होता. खोलीची किल्ली माझ्याजवळच होती."

३

किल्लीशिवाय त्या संगणकापर्यंत पोचू शकणारा माणूस एकच होता. सुजय. चिपळूणला त्याचं दुकान, आणि किनाऱ्यावरच्या अशा सगळ्या केंद्रांची यंत्रं त्यानेच बसवलेली. तो चिपळूणमध्ये बसूनच ती चालवू शकत असे.

राजश्री त्याच्या दुकानात शिरली तेव्हा त्याने आधी चहा मागवला, मग पंखा लावला, मग एका गिऱ्हाइकाला उगाच फोन केला. ती बसून राहिली. यंत्रं चांगली आहेत, बॅटरी आहे, वीज गेली तरी बंद पडत नाहीत, असं तो सांगत गेला. ते खरंही होतं. तिने यंत्राची नोंद पाहिली होती. वीज गेलीच नव्हती, डिस्कही ठणठणीत होती.

"यंत्र बंद पडलं नव्हतंच," ती म्हणाली. "तुम्ही बंद केलंत. अपघाताच्या दुसऱ्या सकाळी."

सुजयने कप खाली ठेवला. मग म्हणाला की हो, केलं. त्याला बातमी कळली होती. आता चौकशीला कोणी येईल आणि यंत्र तपासील, ही धास्ती त्याने घेतली होती, कारण दिवाळीनंतर त्याने कोणाला न विचारता ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती सगळ्या केंद्रांवर चढवली होती. करारात तसं करायची परवानगी नव्हती. म्हणून जुनी आवृत्ती परत आणायला निघाला, यंत्र बंद करून सुरू केलं, आणि मग त्यालाच भीती वाटली, की आता काही बदललं तर आपण पुरावा लपवला असं होईल. म्हणून नवीच तशी ठेवली.

"निरोपांना मी हात लावला नाही. देवळात नेऊन शपथ घ्यायला लावा."

राजश्रीला त्याचं खरं वाटलं. घाबरलेला माणूस आपल्या अंगावर येईल एवढंच लपवतो. तिने नव्या आवृत्तीचा क्रमांक विचारला. त्याने सांगितला. ती सिस्टिम जगभरातले लोक मिळून लिहीत असत आणि तिच्यात काय बदललं हे उघड्यावर पाहायला मिळे. दुकानातल्याच स्टुलावर बसून तिने बदल वाचले. बरेचसे किरकोळ होते. एकापाशी ती थांबली. फाइलच्या शेवटी भर पडत असेल तर लिखाण जलद व्हावं, म्हणून कोणीतरी एक वाट जवळची केली होती.

दाभोळची फाइल दिवसभर शेवटीच वाढत होती.

"ही आवृत्ती आणखी किती केंद्रांवर आहे?"

"सगळ्या," सुजय म्हणाला. "वेंगुर्ल्यापर्यंत."

४

आता गोष्ट एकट्या दिशाची राहिली नव्हती.

राजश्रीने रत्नागिरीला परतून त्या सिस्टिमचा तो भाग सांभाळणाऱ्या परदेशी माणसाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं आणि निरुपयोगी होतं. स्वस्त डिस्क असेल, वीज गेली असेल. चूक पुन्हा घडवून दाखवा, मग पाहू. तिला राग आला, पण त्याच्या जागी आपणही हेच लिहिलं असतं हे ती जाणून होती. मग तिने चूक घडवायला घेतली.

तिने दाभोळसारखंच यंत्र मांडलं आणि त्यात खोटे निरोप सोडले. काही हरवलं नाही. वेग वाढवला, काही हरवलं नाही. यंत्र बंद केलं, सुरू केलं, मध्येच तारही उपटून पाहिली. गेलं ते जायला हवं होतं तेवढंच, शेवटचं. मधलं कोरं पान काही पडेना. आई जेवायला बोलावून थकली. हे आपल्याच्याने होणार नाही, असं एकदा तिच्या मनात येऊनही गेलं. मग शिवाची बायको गंगा आठवली. दाभोळला माडीच्या पायऱ्यांशी ती कोणाशी न बोलता उभी होती. राजश्रीने पुन्हा दाभोळची फाइल उघडली.

पोकळीची सुरुवात कुठेही, अर्ध्या शब्दात. आणि शेवट? तिने फाइलच्या आरंभापासून शेवटाची जागा मोजली. ती नेमकी पानाच्या कडेवर पडत होती.

संगणक कुठलीही फाइल सरळ डिस्कवर लिहीत नाही. आधी ती स्मरणात, सारख्या मापाच्या पानांवर लिहितो, कारण स्मरण जलद आणि डिस्क मंद. मग सवडीने एकेक पान डिस्कवर उतरवतो. कोणी फाइल उघडली तर त्याला स्मरणातलंच पान दाखवतो. दिशाने पाहिलं ते हे पान. ते डिस्कवर उतरलंच नव्हतं. यंत्र बंद झालं आणि स्मरण पुसलं गेलं, तेव्हा मागे राहिलं ते पूर्वी कधीतरी अर्धवट उतरलेलं पान, 'जलक' पर्यंत भरलेलं. त्याच्या पुढची पानं नीट उतरली होती. हे एकच का राहिलं?

ती जवळची वाट तिने ओळ ओळ करून वाचली. पानावर नवं काही आलं की त्याच्यावर 'उतरवायचं आहे' अशी खूण होते आणि ते एका रांगेत लागतं. उतरवून झालं की रांगेतून निघतं. आणि उतरवत असतानाच पानावर आणखी काही आलं तर?

तिने त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये मुद्दाम एक छोटा थांबा घातला आणि नेमक्या त्या थांब्यात एक निरोप सोडला. यंत्र बंद केलं. सुरू केलं. फाइल उघडली.

मधलं पान अर्ध्या शब्दानंतर कोरं होतं.

५

रविवारी सकाळी संस्थेची सभा होती. भागोजी पहिल्या रांगेत बसला होता, शेजारी गंगा. दिशा दाराशी उभी राहिली; बसायला तिला कोणी सांगितलं नाही.

राजश्रीने संगणकाचं बोलणं बाजूला ठेवलं आणि खालच्या बर्फ कारखान्याचं उदाहरण घेतलं. होडीवाला बर्फाला आला की टोकन घेतो आणि रांगेत लागतो. त्याचा बर्फ चढत असतानाच त्याने आणखी बर्फाची मागणी केली, नवं टोकन घेतलं. पण बर्फ देणाऱ्याने टोकन न बघताच सांगितलं, की याचं झालं, काढा रांगेतून. आता त्या माणसाच्या हातात टोकन आहे. पुढे काहीही लागलं तरी तो म्हणणार, माझा नंबर लागलेला आहे. आणि रांगेत तर तो नाहीच. दिवसभर उभा राहील, बर्फ मिळणार नाही. देणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, रांग संपली, सगळ्यांना दिला. संगणकाने दिशाला 'सेव्ह झालं' सांगितलं ते असं.

खलाशांना हे लगेच समजलं. एकदोघे हसलेही. भागोजी हसला नाही.

"म्हंजे पुसलं नाय. ठीक," तो म्हणाला. "पण हाक उशिरा गेली ती गेलीच ना?"

"त्याचंही उत्तर आहे, भागोजीदादा. त्या कोऱ्या जागेनेच दिलंय."

छपरावरचं निरोप पकडणारं यंत्र येणाऱ्या प्रत्येक निरोपाला क्रमांक देई, आणि त्याला आत बसलेल्या कोणालाही हात लावता येत नसे. कोऱ्या जागेच्या आधीचा क्रमांक शाबूत होता आणि नंतरचाही. मधले किती हरवले ते वजाबाकीने निघत होतं. त्यातून त्या वेळी समुद्रात असलेल्या होड्यांचे नेहमीचे निरोप वजा केले, तर संकटाचे म्हणून उरत होते फक्त नऊ. मिनिटाला एक. सूर्य वर असताना बटण दाबलं असतं तर तसे साठसत्तर तरी आले असते. तेवढे त्या पानात मावलेच नसते. आणि भागोजीनेच सांगितलं होतं, की होडी बुडाली तेव्हा लांबच्या होड्यांचे दिवे लागलेले दिसत होते. होडी बुडाली की निरोप थांबतात, म्हणजे ते नऊ निरोप होडी बुडायच्या अगदी आधीचे. दिशाने हाक घातली ती त्यांतल्याच पहिल्या काहींच्या वेळी. चार होड्या चालवणाऱ्या तांडेलांनी ती ऐकली होती.

भागोजीचे कान लाल झाले.

"मी खोटं बोलतो म्हणतेस?"

"नाही." राजश्री त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने आवाज खाली आणला. "तुमचं बोलणं मी तीन माणसांकडून ऐकलं. तिघांनी सांगितलं, भागोजी म्हणतो 'बटण दाबलं'. 'मी दाबलं' असं कोणीच सांगितलं नाही. बटण कोणी दाबलं, दादा?"

६

भागोजीने त्या दिवशीचं सांगायला घेतलं.

पाणी आत यायला लागलं तेव्हा तो स्वतः तळाशी उतरून फळीवर गोणपाट दाबून बसला होता. वर शिवा होता. भागोजी खालून ओरडला, बटण दाब. इंजिनाच्या आवाजात वरून "व्हय" ऐकू आलं. भागोजीच्या हिशेबी बटण तेव्हाच दाबलं गेलं. तिथून पुढे तो खालीच होता, आणि वरून पंप मारल्याचा आवाज सतत येत होता.

"तो पंप मारीत व्हता," भागोजी म्हणाला. "त्याला वाटलं आसंल, आटोक्यात येईल. सगळ्या होड्यांना जाळी सोडून कशाला धावाया लावायचं. तो तसाच व्हता."

शेजारी बसलेली गंगा भागोजीकडे वळली. ती म्हणाली, "व्हय. तसेच होते ते."

एवढंच ती बोलली. पण त्या एका वाक्याने सभेतली धार गेली. उठून दिशाची माफी मागावी असं अनेकांना वाटलं असेल. मागितली कोणीच नाही. हरिश्चंद्रांनी तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. नंतर जिन्यात गंगाने राजश्रीला गाठलं आणि विचारलं, ते नऊ निरोप कुठून तरी परत मिळतील का. राजश्रीने खरं ते सांगितलं. नाही, ते आता कुठेच नाहीत. गंगाने मान डोलावली आणि पदर खोचून खाली उतरली.

राजश्रीचं काम संपलं नव्हतं. दुरुस्ती तशी लहान होती. पानाला रांगेतून काढण्याआधी त्याच्यावर नवी खूण झाली आहे का ते बघायचं, झाली असेल तर रांगेतच ठेवायचं. पण तिने चूक घडवून दाखवली तरी तो परदेशी माणूस अडला. तो थांबा तुम्हीच घातलात, तो म्हणाला. खऱ्या जगात एवढा नेमका क्षण कधी सापडतो? राजश्रीने थांबा काढून टाकला आणि यंत्र तसंच चालू ठेवलं. अखेर थांब्यावाचूनही पान कोरं पडलं. ते तिने पाठवून दिलं आणि खाली लिहिलं, की आमच्या किनाऱ्यावर तो क्षण सापडला, तेव्हा एक माणूस बुडत होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याने तिची दुरुस्ती घेतली होती, आणि लिखाण जलद करणारी ती जवळची वाट आपणच काढली होती, हेही त्याने आपणहून लिहिलं होतं.

अशा दुरुस्तीखाली चूक कोणामुळे उजेडात आली त्याचं नाव घालायचा रिवाज असतो. राजश्रीने दिशा असगोलकर, दाभोळ, असं घातलं.

सुजयने संस्थेला सगळं कबूल केलं आणि वेंगुर्ल्यापर्यंतची यंत्रं एकेक करून स्वतः नीट केली. यावेळी लेखी विचारून. पेट्या होड्यांवर परत चढल्या, काही आनंदाने, काही कुरकुरत. दिशाने मात्र आठवडाभर विचार केला. आईने नको म्हटलं. तरीही ती परत माडीवर आली, वायरलेस पुसून घेतला आणि सकाळची हजेरी सुरू केली. समुद्रात असलेल्या प्रत्येक होडीला नावाने हाक मारायची आणि तिच्याकडून ओ घ्यायची.

भागोजी तेव्हा मेहुण्याच्या होडीवर तांडेल म्हणून जाऊ लागला होता. त्या सकाळी राजश्री सुजयने नीट केलेलं यंत्र तपासायला खोलीत आलेली होती. दिशाने त्या होडीचं नाव घेतलं आणि वायरलेसच्या बटणावरचा अंगठा उचलला. नुसती खरखर ऐकू आली. तिने पुन्हा नाव घेतलं. राजश्रीने काम थांबवलं.

मग पलीकडून जाडा, घोगरा आवाज आला.

"हाय गो बाय. वेळणेश्वरसमोर. भागोजी बोलतोय. ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय, दादा," दिशा म्हणाली, आणि तिने पुढच्या होडीला हाक घातली.